बाळाचा पहिला पाहुणचार

तान्ह्या बाळाला घेऊन नातेवाइकांकडे जायचं ठरलं की घरात पहिली चर्चा सामानाची होते. डायपर किती, दुपटी किती, बाटल्या कुठल्या. ही चर्चा लागतेच. पण बाळाचे खरे हाल बहुतेक वेळा वाटेत होत नाहीत, पोहोचल्यावर होतात. वाटेत ते आईबाबांच्या जवळ असतं, गाडीच्या हेलकाव्याने त्याचा डोळा लागतो, दूध मिळत राहतं. पोहोचल्यावर मात्र दारातच चार हात पुढे येतात, आवाज चढतात, आणि ज्या वेळी बाळाला झोपायचं असतं नेमकं त्याच वेळी ते या मांडीवरून त्या मांडीवर जात असतं. मग संध्याकाळी ते कळवळून रडायला लागलं की सगळे म्हणतात, प्रवासाने दमलं. प्रवासाने थोडं दमलेलं असतंच, पण माणसांनी त्याहून जास्त दमवलेलं असतं. म्हणून तयारीचा निम्मा वेळ पोहोचल्यानंतरच्या पहिल्या चोवीस तासांसाठी राखून ठेवावा, असं माझं ठाम मत आहे.

जायची तारीख ठरवताना समारंभाच्या आधी बाळाचं वय बघावं. पहिल्या तीन महिन्यांत बाळाला ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ अंश फॅरनहाइट, किंवा त्याहून जास्त ताप आला, तर तो घरी औषध देऊन वाट बघण्याचा ताप नसतो. तेव्हाच्या तेव्हा डॉक्टर गाठावा लागतो, कारण एवढ्या लहान वयात गंभीर जंतुसंसर्गाचं ताप सोडून दुसरं लक्षण दिसेलच असं नाही. रक्त-लघवीच्या तपासण्या होतात, कधी दाखल करून घेतात. परक्या गावात, रात्री, हे सगळं करणं फार जड जातं. या काळात जमत असेल तर नातेवाइकांनीच एकेक-दोघांनी येऊन बाळाला बघून जावं. जावंच लागणार असेल, तर मुक्कामाच्या घरापासून लहान मुलांवर उपचार होतात असं रुग्णालय किती लांब आहे आणि ते रात्री उघडं असतं का, हे निघण्याआधी विचारून ठेवावं.

साधारण तीन महिने पूर्ण झाल्यापासून सहाव्या महिन्यापर्यंतचा काळ सगळ्यांत सोपा. सुरुवातीच्या लसींचे काही डोस झालेले असतात, खाणं म्हणजे फक्त दूध, बाळ अजून रांगत नसतं आणि कोणाकडेही बघून हसतं. सहा ते आठ महिन्यांच्या दरम्यान अनोळखी माणसांची भीती सुरू होते आणि पुढे बरेच महिने टिकते. नवव्या महिन्याच्या आसपास रांगणं सुरू झालेलं असतं आणि वरचं खाणंही असतं, त्यामुळे सामान आणि लक्ष दोन्ही वाढतं. लस दिल्यानंतर एक-दोन दिवस ताप किंवा चिडचिड होऊ शकते, म्हणून लसीच्या दुसऱ्या दिवशीचा प्रवास टाळावा. परदेशी जायचं असेल तर सहा महिन्यांपुढच्या बाळाला गोवरची लस नेहमीच्या वेळेआधी देण्याचा सल्ला बऱ्याचदा दिला जातो. तो डोस नेहमीच्या वेळापत्रकात मोजला जात नाही, नंतरचे डोस द्यावेच लागतात. हे डॉक्टरांशी निदान महिनाभर आधी बोलून घ्यावं.

निघण्याच्या दोन दिवस आधी एक फोन करायचा. हा फोन करायला अनेकांना संकोच वाटतो, तरी तो टाळू नये. विचारायचं एवढंच: घरात कोणाला सर्दी, खोकला, ताप, जुलाब आहेत का? मोठ्या माणसाला तीन आठवडे रेंगाळणारा खोकला म्हणजे डांग्या खोकला असू शकतो. मोठ्यांना त्याचं काही वाटत नाही, पण अगदी लहान बाळाला तो होतो तेव्हा कधीकधी खोकला येतच नाही, थेट श्वास थांबतो. जे आजी-आजोबा, काका, मावशी बाळाला रोज कडेवर घेणार आहेत त्यांनी डांग्या खोकल्याची मोठ्यांसाठीची लस निदान दोन आठवडे आधी घेतलेली बरी, कारण शरीराला संरक्षण तयार करायला तेवढा वेळ लागतो. फ्लूच्या लसीचंही तसंच. ज्यांच्या ओठावर तापाचा फोड उठलेला आहे त्यांनी बाळाचा पापा अजिबात घ्यायचा नाही. तो फोड ज्या विषाणूमुळे येतो तो पहिल्या काही आठवड्यांच्या बाळाच्या मेंदूपर्यंत जाऊ शकतो. खरं तर पहिले काही महिने तोंडाचे आणि हातांचे पापे कोणीच घेऊ नयेत. पावलं आहेत, डोक्याचा मागचा भाग आहे, तिथे माया करावी. हात साबणाने वीस सेकंद धुऊन मगच बाळाला घ्यायचं, हे फोनवरच सांगून टाकावं. दारात सांगितलं तर समोरच्याला अपमान वाटतो. दोन दिवस आधी सांगितलेलं तीच माणसं आनंदाने पाळतात आणि इतरांनाही पाळायला लावतात.

आता वाट. स्वतःच्या गाडीने जाणार असाल तर सगळ्यांत जास्त वेळ बाळाच्या कार सीटला द्या. ती आदल्या दिवशी, उजेडात, माहितीपुस्तिका हातात घेऊन बसवा. जिथून गाडीचा पट्टा सीटमधून जातो तिथे धरून हलवल्यावर ती अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त सरकता कामा नये. तोंड गाडीच्या मागच्या बाजूला. समोर चालू एअरबॅग असलेल्या जागी अशी सीट कधीच ठेवायची नाही. एअरबॅग फुगताना थेट सीटच्या पाठीवर, म्हणजे बाळाच्या डोक्यामागे आदळते. मागे तोंड असताना खांद्याचे पट्टे बाळाच्या खांद्याच्या पातळीला किंवा किंचित खालून यावेत. पट्टा आवळल्यावर खांद्यापाशी तो चिमटीत पकडून बघायचा. घडी चिमटीत आली तर पट्टा सैल आहे. जाड जॅकेट घालून पट्टे लावले की ते आवळल्यासारखे वाटतात, पण धडकेत जॅकेट दबतं आणि बाळ पट्ट्यातून सरकतं. थंडी असेल तर पट्टे लावून झाल्यावर वरून दुलई घालावी. नातेवाइकांकडे आयती मिळणारी जुनी सीट वापरायची असेल तर तिच्यावर छापलेली मुदत बघा, आणि ती कधी अपघातात सापडली होती का हे नक्की सांगणारं कोणी नसेल तर ती वापरूच नका.

तान्ह्या बाळाची मान अजून धरलेली नसते. सीट फार उभी असली की हनुवटी छातीवर टेकते आणि श्वासनलिका दुमडते, म्हणून सीटवर तिरकेपणाची खूण असते ती पाळावी. दर दोन तासांनी थांबून बाळाला बाहेर काढून आडवं करावं, पाजावं, ढेकर काढावा. अगदी नवजात असेल तर त्याहूनही लवकर थांबावं. चालत्या गाडीत बाळाला सीटमधून काढून पाजणं नको, कितीही रडलं तरी. सुरक्षित जागा बघून गाडीच थांबवायची. पोहोचल्यावर ‘गाढ झोपलंय, राहू दे’ म्हणून सीटसकट उचलून घरात आणून तसंच झोपू देतात, तेही बरोबर नाही. सीट गाडीत बसवलेली असते तेव्हाच तिचा कोन योग्य असतो. आणि बंद गाडीत बाळाला दोन मिनिटंही एकटं ठेवायचं नाही. उन्हात उभ्या गाडीतलं तापमान दहा मिनिटांत सुमारे अकरा अंश सेल्सिअसने चढू शकतं, आणि बाळाचं शरीर मोठ्यांपेक्षा बरंच लवकर तापतं.

रेल्वेत किंवा बसमध्ये बाळ अंगाला बांधून ठेवायची झोळी उपयोगी. झोळीत बाळाचा चेहरा सतत दिसला पाहिजे, नाक-तोंड कापडात दाबलेलं नको, हनुवटी आणि छाती यांच्यात निदान एक बोट जावं.

विमानात बाळाचे कान दुखतात ते मुख्यतः उतरताना. बाहेरचा दाब वाढत असतो, आणि घसा व मधला कान यांना जोडणारी नळी बाळात अरुंद व आडवी असल्याने ती सहज उघडत नाही. गिळताना उघडते. म्हणून पाजण्याची वेळ विमान जमिनीला टेकतानाची नव्हे, उतरायला सुरुवात होते तेव्हाची असते, म्हणजे साधारण अर्धा तास आधीची. अनेक पालक उड्डाणालाच पोटभर पाजून मोकळे होतात आणि उतरताना बाळ पोट भरलेलं असल्यामुळे तोंडच लावत नाही. चोखणी घेत असेल तर तीही चालते. गाढ झोपलेल्या बाळाला मात्र मुद्दाम उठवू नये. लांबच्या उड्डाणात बासिनेट, म्हणजे बाळाचा छोटा पाळणा, हवा असेल तर तिकीट काढतानाच सांगावं लागतं. तो फक्त पुढच्या भिंतीलगतच्या रांगेत लागतो, त्याला वजनाची आणि लांबीची मर्यादा असते आणि ती कंपनीगणिक बदलते. हादरे बसायला लागले की बाळाला त्यातून काढून मांडीवर घ्यायला सांगतात, तेव्हा संपूर्ण झोप त्यातच होईल अशी आशा धरू नये. बाळाचं दूध १०० मिलिलिटरच्या मर्यादेतून बहुतेक विमानतळांवर वगळलेलं असतं; ते वेगळं काढून आधीच सांगितलं की तपासणी लवकर उरकते.

दुधाचं गणित पाठ असावं, कारण वाटेत ते करायला डोकं शांत नसतं. आईचं काढलेलं ताजं दूध २५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानात चार तास टिकतं. गोठवलेल्या बर्फाच्या पिशव्या घातलेल्या थर्मल बॅगेत चोवीस तास, फ्रीजमध्ये चार दिवस. गोठवलेलं दूध एकदा वितळलं की फ्रीजमध्ये ठेवून चोवीस तासांत संपवायचं, पुन्हा गोठवायचं नाही. बाळाने तोंड लावलेली बाटली दोन तासांनंतर ओतून टाकायची. पावडरच्या दुधाचे नियम याहून कडक. बनवल्यापासून दोन तास, आणि बाळाने प्यायला सुरुवात केल्यापासून फक्त एक तास. पावडर निर्जंतुक नसते, म्हणून ती ७० अंशांपेक्षा कमी नसलेल्या पाण्यात मिसळून मग दूध पटकन गार करावं, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. प्रवासात यासाठी चांगल्या थर्मासमध्ये उकळतं पाणी आणि छोट्या कोरड्या डब्यांत प्रत्येक वेळेची मोजलेली पावडर वेगवेगळी न्यावी. पावडरच्या डब्यातला चमचा त्या डब्यापुरताच असतो. दुसऱ्या कंपनीची पावडर त्याच चमच्याने मोजली की दूध पातळ किंवा घट्ट होतं. मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून बघणं विसरू नये.

हाताशी ठेवायच्या बॅगेत प्रवासाच्या दर दोन तासांमागे एक डायपर आणि वर चार जास्तीचे. गाडी रखडते, विमान उशिरा सुटतं. कपड्यांचे दोन जोड, प्रत्येक जोड एका वेगळ्या पिशवीत, आत एक डायपर आणि मळलेलं ठेवायला एक रिकामी पिशवी. शी पाठीपर्यंत गेली की एका हाताने बाळ धरून दुसऱ्या हाताने बॅग उपसावी लागते, तेव्हा ही एकच पिशवी काढली की काम होतं. आई आणि बाबा दोघांसाठी एकेक सदरा. थर्मामीटर. ताप उतरवण्याचं औषध डॉक्टरांना विचारून घरूनच न्यावं, आणि बाळाच्या आजच्या वजनाला किती मिलिलिटर द्यायचं ते बाटलीवर चिकटपट्टीने लिहून ठेवावं. त्याच औषधाचे थेंब आणि सिरप यांची तीव्रता वेगळी असते, गावोगावी मिळणाऱ्या बाटल्या वेगळ्या असतात, आणि घाईत कोणीतरी आणून दिलेल्या बाटलीतून जुन्या मापाने दिलं तर मात्रा कितीतरी पट चुकू शकते.

पोहोचल्यावरचा पहिला तास बाळाचा. बाळ आई किंवा बाबांच्या कडेवरच राहील आणि सगळ्यांनी त्याला तिथेच बघायचं. हात पुढे करायचे नाहीत, थेट डोळ्यांत बघून जवळ यायचं नाही. आईशी गप्पा मारत शेजारी बसावं, बाळाने आधी आपल्याकडे बघू द्यावं. सहा-आठ महिन्यांपुढचं बाळ नवा चेहरा पाहून आधी आईचा चेहरा वाचतं. आई निवांत हसत बोलत असेल तर त्याला कळतं की हे माणूस आपलं आहे. दहा-पंधरा मिनिटांत बहुतेक बाळं स्वतःच हात पुढे करतात, एखाद्याला अर्धा दिवस लागतो. ज्या आजोबांच्या चष्म्याला घाबरून बाळ रडलं त्या आजोबांना वाईट वाटतं, आणि तो क्षण सांभाळणं हे आईबाबांचं काम आहे. ‘या वयात सगळ्यांनाच बघून रडतं’ हे सगळ्यांसमोर मोकळेपणाने सांगावं, आणि बाळाचं आवडतं खेळणं आजोबांच्या हातात द्यावं. ओळख त्यातून होते.

मग सगळ्यांनी आलटूनपालटून घ्यावं, पण घड्याळाकडे लक्ष ठेवून. नवजात बाळ एका वेळी पाऊण ते एक तास जागं राहू शकतं, तीन-चार महिन्यांचं दीड ते दोन तास, सहा-सात महिन्यांचं दोन ते तीन. हे अंदाज आहेत, तरी उपयोगी. नजर वळवणं, भुवया लाल होणं, कान ओढणं, अकारण उचकी ही दमल्याची लक्षणं दिसली की जो कोणी घेऊन बसला असेल त्याच्याकडून बाळाला परत घ्यायचं. गर्दीत हे मागायला भीड वाटते. त्यासाठी बाबांनी किंवा आत्यासारख्या घरातल्याच कोणीतरी पुढाकार घ्यावा. नव्या आईवर हे टाकू नये. एका आतल्या खोलीत पडदे ओढून, पंख्याच्या एकसुरी आवाजात पाजायचं आणि झोपवायचं. तिथे एका वेळी एकच माणूस.

झोपायची जागा पोहोचल्या पोहोचल्या बघून घ्यावी, रात्री अकराला नाही. बाळाला पाठीवर, कडक आणि सपाट गादीवर, स्वतंत्र जागेत झोपवायचं. उशी, जाड पांघरूण, मऊ खेळणी काही नको. मोठ्यांचा मऊ पलंग धोक्याचा, आणि सोफा त्याहून धोक्याचा: दमलेला माणूस बाळाला छातीवर घेऊन सोफ्यावर बसतो, डोळा लागतो आणि बाळ फटीत घसरतं. घडीचा पलंग नेता येत नसेल तर जमिनीवर भिंतीपासून दूर पातळ, घट्ट गादी बरी. इथे आजींशी मतभेद होतो. त्यांच्या काळी बाळाला पोटावर झोपवावं असं अनेक ठिकाणी डॉक्टरच सांगत. पाठीवर झोपवा अशी मोहीम ब्रिटनमध्ये १९९१ साली आणि अमेरिकेत १९९४ साली सुरू झाली, आणि झोपेतल्या अचानक मृत्यूंचं प्रमाण पुढच्या काळात निम्म्याहून खाली आलं. आजींनी जे केलं ते त्या वेळच्या सल्ल्याप्रमाणे अगदी नीट केलं होतं, हे आधी म्हणावं, आणि मग ही माहिती सांगावी. तुमचं चुकलं होतं असा सूर लागला की पुढचं काहीच ऐकलं जात नाही.

खाण्यापिण्याचंही असंच. सहा महिन्यांच्या आत वरचं पाणी नको, उन्हाळ्यातसुद्धा नाही. दुधातच पुरेसं पाणी असतं, आणि वरच्या पाण्याने पोट भरून दूध कमी जातं. वर्षाच्या आत मध बोटभरही नको, त्यातल्या बीजाणूंमुळे बाळाच्या आतड्यात विष तयार होऊ शकतं. या दोन गोष्टींवर मी तरी तडजोड करणार नाही. टोपी कुठली घालायची, मालीश कोणी करायची, अंगाई कोणती, यांत मात्र घरच्यांच्या मनासारखं होऊ द्यावं. चोवीस तासांत सहाच्या आसपास ओले डायपर होत असतील तर बाळाला दूध पुरतंय. संख्या बरीच घटली, लघवी गडद झाली, तोंड कोरडं पडलं तर डॉक्टरांना दाखवायला थांबू नये.

रांगणारं बाळ असेल तर त्याच्या उंचीवर स्वतः रांगत एकदा खोलीभर फिरावं. उशाशी ठेवलेल्या आजोबांच्या गोळ्या, सोफ्याखालची नाणी, पर्समधलं औषध, रिमोटमधली बटणाएवढी बॅटरी. ही बॅटरी गिळली तर अन्ननलिका दोन तासांत जळू शकते. तसा संशय आला तरी लगेच रुग्णालय गाठायचं, उलटी काढायला लावायची नाही. गरम पेय आणि बाळ एकाच माणसाच्या हातात कधी नको. कपातला चहा पंधरा मिनिटांनंतरही बाळाची कातडी भाजू शकतो.

वेळेच्या फरकाचं देश ओलांडून जाणाऱ्यांनी बघायचं. दोन-तीन तासांचा फरक आणि तीन-चार दिवसांचा मुक्काम असेल तर घरचीच वेळ पाळावी. फरक जास्त असेल तर तिथल्या सकाळी बाळाला उघड्यावर उजेडात न्यावं, रात्री पाजताना दिवा अगदी मंद ठेवावा. शरीराचं घड्याळ दिवसाला साधारण एक तास सरकतं.

परतल्यावर तीन-चार दिवस झोप विस्कटते, रात्री जास्त वेळा पाजावं लागतं. त्या आठवड्यात कामं आणि पाहुणे ठरवू नयेत. मुक्कामात लागलेली सर्दी बहुधा परत आल्यावर दोन-तीन दिवसांनी दिसते, म्हणून थर्मामीटर बॅगेतून काढून हाताशी ठेवावा, आणि कोणी आजारी होतं का हे त्या घरी मोकळेपणाने विचारावं. बाळ लहान आहे तोवर त्या माणसांचे चेहरे आणि आवाज अधूनमधून व्हिडिओ कॉलवर त्याच्यासमोर येऊ द्यावेत, पाच मिनिटं पुरतात. पुढच्या वेळी तोच आवाज समोर ऐकू आला की दारातला वेळ बराच कमी होतो. जास्तीची गादी, चादर, अंघोळीचा छोटा टब तिथेच ठेवून आलात तर पुढच्या खेपेला सामान हलकं राहतं. मापं मात्र नव्याने घ्यावी लागतील, आणि औषधाच्या बाटलीवरचा आकडाही.